चेटकीण कोण ठरवितो?

महाराष्ट्र राज्य १९६० सालच्या १ मे रोजीं जन्मास आलें. त्या तारखेस दरसाल झेंडा उभारतात, कवाईत होते, आणि पुढारी फुले-शाहू-आंबेडकरांचीं नांवें घेऊन घसा कोरडा करतात. २०२४ सालच्या त्याच १ मे रोजीं गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत बारसेवाडा या गांवीं एका बाईवर आणि एका पुरुषावर जादूटोण्याचा आळ घेऊन गांवानें त्यांना मारहाण केली व जिवंत जाळलें. पोलिसांनीं १५ जणांना अटक केली. त्या पंधरांत बाईचा नवरा होता आणि तिचा मुलगाही होता.

हें शेवटचें वाक्य वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावें. आम्हांलाही तें दोनदां वाचावें लागलें.

त्याच्या आधीं पुरते पांच महिनेही झाले नव्हते, तों डिसेंबर २०२३ मध्यें भामरागड तालुक्यांतील गुंडापुरी येथें आजा, आजी आणि त्यांची लहान नात अशा तिघांचा खून झाला. कारण तेंच, जादूटोण्याचा संशय. पकडलेल्या नऊ जणांत म्हाताऱ्याचीं पोटचीं मुलें असल्याचें पोलिसांनीं सांगितलें. चांदा जिल्हाही कांहीं मागें नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें जिवती तालुक्यांतील वणी खुर्द येथें भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना, त्यांत म्हातारे स्त्रीपुरुषही आले, हातपाय बांधून भर चौकांत गांवासमोर बदडण्यांत आलें. तेथें तेरा जणांना अटक झाली. बघे किती होते, याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

आमच्या कित्येक वाचकांस वाटेल कीं, हीं रानांतल्या लोकांचीं कामें. आपण धान पिकविणारे, विळे-कुऱ्हाडी घडविणारे, तसराचें कापड विणणारे, बांबूच्या टोपल्या-सुपें करणारे लोक. आपला त्यांच्याशीं काय संबंध? त्यांस आम्ही इतकेंच विचारतों: गेल्या पावसाळ्यांत तुमच्या घरचें पोर तापानें फणफणलें तेव्हां पहिला पैसा कोणाच्या हातीं गेला? डॉक्टरच्या, कीं लिंबू उतरविणाऱ्याच्या? गाय आटली तेव्हां घरांतल्या वडीलधाऱ्या बाईनें शेजारच्या कोणाचें नांव हळूच घेतलें? रोवणीच्या दिवसांत बांधावर टाचण्या टोचलेलें लिंबू सांपडलें तेव्हां तुमची नजर कोणाच्या घराकडे वळली? हळूच घेतलेल्या नांवाला पाय फुटतात. तें विहिरीवर जातें, पारावर जातें, आणि गांवांत दुसरें पोर दगावलें कीं काठी घेऊन परत येतें. बारसेवाड्यांत आणि तुमच्या गांवांत अंतर आहे तें एवढेंच, कीं तुमच्याकडचें नांव अजून पारावर पोंचलेलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, हें आमच्या लोकांचें अडाणीपण, गोऱ्या लोकांत असलें कांहीं नसतें. असें म्हणणाऱ्यानें युरोपचा इतिहास वाचलेला नाहीं. तेथें पंधराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारें तीनशें वर्षें, चेटकिणींवर खटले चालले. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणें ४० ते ६० हजार माणसें त्यांत मारलीं गेलीं, आणि त्यांपैकीं चारांत तीन बायका होत्या. आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें असें यांत एक आहे. हें काम अडाण्यांनीं उभें केलें नाहीं. हाइनरिख क्रामर नांवाच्या एका विद्वान पाद्र्यानें १४८६-८७ च्या सुमारास चेटकिणी कशा ओळखाव्या, त्यांचे जबाब कसे काढावे व त्यांना शिक्षा कशी द्यावी याचें लॅटिन भाषेंत एक पुस्तक रचून छापविलें. छपाईची कला तेव्हां नवीन होती. पुस्तक भराभर पसरलें. शेतकऱ्याच्या मनांत शेजारणीविषयीं कुरबूर पूर्वींही असे. तिला पोथीनें शास्त्र केलें आणि न्यायाधीशानें कायदा केला.

मग काय झालें? बाईला धरावें, तिचे हात मागें बांधून तिला दोरानें टांगावें, आणि विचारावें, तुझ्याबरोबर आणखी कोण होतें? हात निखळलेली बाई सांगेल तीं नांवें लिहून घ्यावीं. त्या नांवांच्या बायका आणाव्या आणि त्यांनाही टांगावें. अशा रीतीनें एका आळीपासून दुसऱ्या आळीला आग लागावी तसे खटले वाढत. फ्रीड्रिख श्पे नांवाच्या जर्मन पाद्र्यानें १६३१ सालीं स्वतःचें नांव न घालतां एक पुस्तक छापून या छळाविरुद्ध आवाज उठविला. त्याचें म्हणणें सरळ होतें: असा छळ केला तर कोणीही कांहींही कबूल करील. पाद्र्यांतही माणूस निघतो, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

इंग्लंडांतल्या जुन्या खटल्यांचे कागद चाळणाऱ्या इतिहासकारांना एक फार ओळखीची गोष्ट सांपडली. गांवांतली गरीब म्हातारी, बहुधा विधवा, शेजारणीच्या दारांत येते, वाटीभर दूध मागते. शेजारीण नाहीं म्हणते. म्हातारी पुटपुटत निघून जाते. पुढें शेजारणीचें वासरूं मरतें, कीं लगेच, तिनेंच केलें! म्हणजे दार लावून घेणाऱ्या बाईच्या मनाला टोचणी लागलेली असते, आणि ती टोचणी स्वतःवर घेण्यापेक्षां म्हातारीवर टाकणें सोपें जातें. हें वाचतांना आम्हांस आमच्याच झाडीपट्टींतलीं दारें दिसलीं. कोणाकडून उसने घेतलेले तांदूळ परत केले नाहींत, कोणाची मजुरी बुडविली, कोणाच्या हिश्श्याची बांधी नांगरून घेतली, आणि घरांत दुखणें आलें कीं तिचीच नजर लागली! ज्याचें आपण वाईट केलें त्याचीच भीति वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. तिला करणी हें नांव दिलें म्हणजे केलेल्या अन्यायाचा हिशेब द्यावा लागत नाहीं.

अमेरिकेंतील सालेम गांवीं १६९२ सालीं कांहीं मुलींच्या अंगांत येऊं लागलें, त्यांनीं नांवें घेतलीं, आणि १९ माणसें फांसावर गेलीं. पण पांच वर्षांनीं तेथल्या सरकारनें उपासाचा दिवस पाळला, ज्या पंचांनीं दोषी ठरविलें त्यांनीं आपल्या सह्यांनिशीं क्षमा मागितली, आणि १७११ सालीं वारसांना नुकसानभरपाई मिळाली. स्वित्झर्लंडांत ग्लारूस येथें आना गोल्डी या मोलकरणीचें डोकें १७८२ सालीं उडविलें. २००८ सालीं तेथल्या कायदेमंडळानें ती निर्दोष होती असें जाहीर केलें. सव्वादोनशें वर्षें लागलीं खरीं, पण केलें. आमच्याकडे ज्या बाईची धिंड निघाली तिच्या घरीं जाऊन गांवानें चुकलों म्हटल्याचें उदाहरण आम्ही शोधीत आहों. कोणास ठाऊक असल्यास आम्हांस कळवावें, आम्ही तें पहिल्या पानावर छापूं.

आमच्या इकडची पेशवाई तरी काय करीत होती? न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांना जी प्रस्तावना लिहिली तींत, भूतबाधा करणाऱ्यांस हुडकून शिक्षा देणें हें सरकारी अंमलदारांचें काम समजलें जात असल्याचें नमूद आहे. रमण्यांत दक्षिणा वांटणाऱ्या दरबाराकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. म्हणूनच १८७३ सालच्या २४ सप्टेंबर रोजीं जोतीरावांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज काढला, आणि जन्मापासून मरणापर्यंत ग्रह, मुहूर्त व शांति यांच्या नांवानें शेतकऱ्याला कसें नागवितात हें ‘शेतकऱ्याच्या असुडां’त त्यांनीं बारकाईनें दाखविलें.

परंतु येथें आम्हांला आमच्याच अंगणांत कचरा दिसतो, तो झांकून ठेवतां येत नाहीं. बारसेवाड्यांत भटजी नव्हता. वणी खुर्दच्या चौकांत कोणी शास्त्रीबुवा काठी घेऊन उभा नव्हता. भटाच्या हातचा पंचांग-दर्भ आपण टाकला, आणि आपल्याच जातीच्या मांत्रिकाच्या हातचा अंगारा घेतला. मग सुटका कसली झाली? पूर्वीं ग्रह लागत, आतां शेजारीण लागते. ग्रहाला निदान काठीनें मारतां येत नव्हतें. चळवळीच्या सभांत आम्ही परक्याची लबाडी उघडी करतों तेव्हां टाळ्या पडतात. घरच्या मांत्रिकाचें नांव घेतलें कीं मंडळी उठून तंबाखू मळायला जातात. हा अनुभव आमचा एकट्याचा नाहीं.

बरें, चेटकीण ठरते कोण? गांवचा सावकार कधीं ठरलेला ऐकला आहे? ठेकेदार, वनखात्याचा साहेब, सरपंच? यांच्यामुळें माणसांचें नुकसान होत नाहीं असें तर नाहीं! आळ येतो तो विधवेवर, मूल न झालेलीवर, नवऱ्यानें टाकलेलीवर, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यावर, कोणाला न भितां तोंडावर बोलणाऱ्या बाईवर, किंवा जिच्या नांवावर दोन बांध्या आणि चार मोहाचीं झाडें असून पुतण्यांची नजर त्यांवर आहे तिच्यावर. जिच्या नजरेनें दुसऱ्याची म्हैस आटते, तिच्या नजरेनें स्वतःवरचें कर्ज कां आटत नाहीं? जी बसल्या जागेवरून माणूस मारूं शकते, तिच्या घराचें छप्पर दर पावसाळ्यांत कां गळतें? आणि एवढी शक्ति असलेल्या बाईला तुम्ही खांबाला बांधतां तेव्हां ती तुमचे हात कां गळवून टाकीत नाहीं? तिच्याजवळ कांहीं नाहीं, हें मारणाऱ्याला ठाऊक असतें, म्हणूनच तो हात उचलतो.

तरीही मरणारीं पोरें खरींच मरतात, आणि आईचा हंबरडा खोटा नसतो. त्याचें कारण सांगितल्यावांचून नुसतें अंधश्रद्धा, अंधश्रद्धा म्हणून ओरडणें हें पोटभरल्या शहरी माणसाचें काम आहे. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

गडचिरोली हा राज्यांत हिवतापानें सर्वांत अधिक पीडलेला जिल्हा म्हणून ओळखला जातो. हिवतापाची एक जात डोक्यांत जाते. मूल सकाळीं तापलेलें असतें, संध्याकाळीं त्याला झटके येतात, तें बरळतें, डोळे फिरवितें, ओळख देत नाहीं. पाहणाऱ्याला वाटतें, कोणी अंगांत शिरलें. अंगांत शिरलेला असतो तो डासानें सोडलेला जंतु. बोटाच्या एका थेंबाच्या तपासणीनें तो पाव घटकेंत नाहीं तरी अर्ध्या तासांत कळतो, आणि ही तपासणी गांवच्या आशाताईजवळ असते. वेळेवर औषध पडलें तर पोर वांचतें. तोच वेळ मांत्रिकाच्या अंगणांत गेला तर तें मरतें, आणि मग मांत्रिक स्वतःचें अपयश झांकण्यासाठीं एक नांव सांगतो.

मण्यार सापाचें असेंच. तो रात्रीं हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, आणि चावल्याचें बहुधा कळतही नाहीं. मुंगी चावल्याएवढी खूण, ना सूज, ना आग. पहांटे माणूस पोट दुखतें म्हणत उठतो, पापण्या मिटूं लागतात, जीभ जड होते, आणि श्वास कोंडून तो जातो. रात्रीं धडधाकट जेवला आणि सकाळीं गेला! याहून करणीचा दुसरा पुरावा काय हवा? पण खाटेवर निजणें, मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचणें, आणि असें लक्षण दिसतांच दवाखान्यांत नेऊन सापाच्या विषावरची लस टोंचणें, एवढ्यानें ही करणी उलटते.

आणि तिसरा रोग सिकलसेलचा. हा तर घराण्याचा रोग. आईबाप दोघेही धडधाकट, पण दोघांच्याही रक्तांत त्याचा अर्धा अंश असला तर प्रत्येक मुलाला तो पुरा होण्याचा संभव चारांत एक. अशा घरांत एकामागून एक लेकरें सांधे दुखून, डोळे पिवळे पडून, रक्त आटून जातात आणि शेजारचीं मुलें मात्र खेळत असतात. मग लोक म्हणतात, याच घरावर कोणी डूक धरला आहे. कोणी म्हणतें, घरांतलीच सून अपशकुनी आहे. सुनेच्या रक्तांत जेवढा अंश, तेवढाच नवऱ्याच्याही रक्तांत असतो. त्याला कोणी अपशकुनी म्हटलेलें आम्ही ऐकलें नाहीं. रक्त तपासून मग सोयरीक जुळविली तर हें संकट टळतें. पत्रिका पाहण्यापेक्षां हें पाहावें.

नुकतीं जन्मलेलीं मुलें पांचवी पुजण्याआधीं गेलीं म्हणजेही कोणाची तरी दृष्ट सांगतात. गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांत गांवच्याच बायकांना नवजात मुलांची काळजी घेण्यास शिकविलें: ऊब कशी द्यावी, श्वास कसा पाहावा, जंतुदोषाचें इंजेक्शन केव्हां द्यावें. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात मुलांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं कमी झाले, आणि ती हकीकत १९९९ सालीं विलायतेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. त्या बायका कोणी विलायतेच्या नव्हत्या. ज्यांना गांव एरवीं दृष्ट लावणाऱ्या म्हणेल त्याच वयाच्या, त्याच आळीच्या होत्या. दृष्ट त्यांनीं काढली नाहीं. पोर पुसून कोरडें केलें आणि गोधडींत गुंडाळलें.

आतां सरकारकडे वळतों, कारण सगळा दोष गरिबाच्या माथीं मारून मोकळें होणें हा कांहीं न्याय नव्हे. पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागड जगापासून तुटतें, हें वर्षानुवर्षें चालत आलें आहे. रस्ता नाहीं म्हणून गरोदर बाईला खाटेवर घालून नेल्याच्या बातम्या आपण वाचतों. त्या रानांत हेमलकसा येथें बाबा आमट्यांनीं १९७३ सालीं लोकबिरादरीचा दवाखाना घातला, तेव्हां कुठें कोसांकोसांवरून माणसें औषधाला येऊं लागलीं. म्हणजे दवाखाना असला, तेथें माणूस असला, आणि तो तुच्छतेनें बोलत नसला, तर आपले लोक येतात. पुजारी पांच पावलांवर असतो, रात्रीं उठवला तर उठतो, आपल्या बोलींत बोलतो, रोग्याच्या अंगाला हात लावतो. झाडपाल्याचें थोडेंबहुत ज्ञानही कित्येकांना असतें. त्या सगळ्यांनाच लबाड म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. डॉक्टरची जागा रिकामी असली, औषध संपलेलें असलें, तर माणूस पुजाऱ्याकडे जाणार नाहीं तर कोठें जाणार? खाणींतून लोखंड काढून नेण्यासाठीं सुरजागडच्या डोंगरापर्यंत अवजड गाड्या पोंचतात. मग आजारी माणसाची गाडीही पोंचली पाहिजे, ही मागणी गैरवाजवी आहे काय?

कायदा मात्र झाला आहे, आणि त्याला रक्ताची किंमत पडली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. अठरा वर्षें ज्या कायद्यासाठीं ते झटले त्याचा वटहुकूम त्याच महिन्यांत निघाला आणि डिसेंबरांत कायदेमंडळानें तो मंजूर केला. त्यांत काय आहे तें आमच्या वाचकांनीं तोंडपाठ करावें. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानें जनावराचें दूध आटवितो, रोगराई आणतो, असें सांगून त्याचें जगणें कठीण करणें हा गुन्हा. चेटुकाच्या नांवानें मारहाण करणें, नागवी धिंड काढणें, रोजच्या व्यवहारावर बंदी घालणें हा गुन्हा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र घालीत बसणें हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र व बिनजामिनी. म्हणजे पोलिसानें आधीं कोर्टाचा हुकूम आण म्हणून तक्रारदाराला परत पाठवितां कामा नये.

पण कायदा बहुधा प्रेतापाशीं येऊन पोंचतो. नांव घेतलें जातें तेव्हां, पंचायत बसते तेव्हां, मांत्रिकाला पैसे वर्गणीनें गोळा होतात तेव्हां, गांवाला सगळें ठाऊक असतें. पोलिस पाटलाला ठाऊक असतें, ग्रामसेवकाला ठाऊक असतें, मास्तरांना ठाऊक असतें. त्या वेळीं गप्प बसलेला शहाणा माणूस पुढें वर्तमानपत्राच्या बातमीदाराला, मी त्या दिवशीं बाहेरगांवीं होतों, असें सांगतो. चिमूर तालुका याच चांदा जिल्ह्यांतला. तुकडोजी महाराजांनीं तेथल्या रानांत साधना केली, खंजिरी वाजवून गांवोगांव भुताखेतांचें वेड सोडा म्हणून सांगितलें, आणि ‘ग्रामगीता’ लिहिली. तिची पारायणें आज पुष्कळ होतात. पारायणाच्या मांडवांतून उठून संध्याकाळीं अंगारा आणणारेही पुष्कळ आहेत.

म्हणून आमचें मागणें मोठें नाहीं. येत्या ग्रामसभेंत आमच्या प्रत्येक वाचकानें उठून या कायद्याची अनुसूची मोठ्यानें वाचून दाखवावी. वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या मुलीकडून वाचवून घ्यावी. आपल्या गांवांत कोणावर असा आळ कुजबुजला जात असेल तर त्याच दिवशीं पोलिस ठाण्यांत लेखी कळवावें, कागदाची एक प्रत शिक्का मारून घेऊन स्वतःजवळ ठेवावी. जमाव जमूं लागला असेल तर ११२ वर फोन करावा. पोराला झटके आले तर १०८ ची गाडी बोलवावी, आणि ती येईपर्यंत पोराला कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये. आणि ज्या बाईचें नांव पारावर घेतलें जात आहे तिच्या घरीं आपल्या बायकोला, आईला बरोबर घेऊन दिवसाढवळ्या, चार लोक बघत असतांना जावें, ओसरीवर बसावें, आणि तिच्या हातचा चहा प्यावा.